मोटार बोअरात पडली, त्यावरून गंजाचा हिशेब

बांधावरचा (परभणी जिल्हा)

मंडळी, राम राम.

मागच्या बुधवारी पहाटे चारला थ्री फेज आली. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, मोटार गुरगुरली, पाच-सहा सेकंद पाइपातून हवा फुसफुसली आणि बोअरातून असा दणका आला की गोठ्यातलं कुत्रं उठून पळालं. अँपिअरचा काटा शून्यावर. केबल ओढली तर हातात मोकळी आली. मोटार गेली तळाला.

बोअरात ३८० फुटांवर मोटार, सव्वा इंची जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) १९ पाइप, तीन एचपीची सबमर्सिबल. वरून अकरावा पाइप खालच्या सॉकेटच्या तोंडाशी, बरोबर आट्यावर (जोडासाठी पाडलेल्या पेचांवर) तुटला. दोरी बांधलेली नव्हती. हो, माहीत आहे. घरच्यांनी ऐकवून झालंय, तुम्ही नाही ऐकवलं तरी चालेल.

काढणाऱ्यांनी दोन दिवस आणि १४,००० रुपये घेतले. मोटार निघाली, पण पंप चेपलेला. नवीन २८,०००. पाइप सगळेच बदलायचे, त्याचा भाव अजून काढतोय. मधले सहा दिवस मोसंबीला पाणी नाही, जनावरांसाठी दोन टँकर, १,२०० प्रमाणे. पाइप नऊ वर्षांपूर्वीचे आहेत, बिलावर ‘मिडीयम’ (म्हणजे मधल्या जाडीचा) लिहिलंय.

आमचे दादा शांत. म्हणाले, “लोखंड हाय, गंजणारच.” विषय संपला.

माझा संपला नाही. दादा शेताची वही ठेवतात, अगदी विळ्याला धार लावल्याचे वीस रुपयेसुद्धा लिहितात. नऊ वर्षांची पानं चाळली. ‘वायंडिंग’, ‘वॉशर व इतर’, ‘पाइप बदल २ नग’, ‘टँकर’, ‘किरकोळ’. किरकोळ तर पानोपानी. गंज हा शब्द एकदाही नाही. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, सगळ्यांची खाती आहेत. जो नऊ वर्षं रोज थोडंथोडं खात होता त्याचंच खातं नाही.

तर धागा त्यासाठी. तुमच्याकडं पाण्याच्या कामात गंजानं काय खाल्लं, आणि ते कुठल्या नावानं लिहिलं गेलं?

---

पान्हा_१३ (लातूर)

भाऊ, मी प्लंबर. सतरा वर्षं झाली. बोअरातला पाइप मधी तुटलेला मी दोनदाच बघितला, बाकी सगळे आट्यावर.

कारण सोपं आहे. सव्वा इंची मिडीयमची भिंत ३.२ मिमी. त्याला आटे पाडले की दीड मिमीच्या आसपास खोल कापलं जातं. राहिली किती? पावणेदोन. आणि आट्याच्या खाचेतलं जस्त आधी जातं, मग तिथं उघडं लोखंड. वरून सफेदा नि ताग गुंडाळला म्हणजे जस्त परत येत नसतं. तिथंच सगळ्या पाइपांचं, पाण्याचं आणि मोटारीचं वजन. मोटार सुरू होताना झटका देते तोही तिथंच. रोज दोन झटके धरा, नऊ वर्षांचे किती झाले बघा.

आणखी एक. पाइप रिंचचे दात जिथं रुततात तिथंही जस्त सोललं जातं. आमचीच पोरं करतात, खोटं कशाला बोलू.

---

उगाच_शंका

एवढा मोठा धागा कशाला? प्लास्टिकचे कॉलम पाइप टाका. गंज नाही, हिशेब नाही. आमच्याकडं निम्म्या गावानं टाकलेत.

---

बांधावरचा

टाकणार आहेच बहुतेक. पण तुटलेल्याचा हिशेब तर करू द्या की.

---

धातूवेडा (मूळ नांदेड, सध्या नोकरीसाठी बाहेर)

धागा आवडला. पोटासाठी हेच करतो, त्यामुळं थोडं लांबेल.

आधी एक प्रश्न. अकरावा पाइप संपतो २२० फुटांवर. तुमच्या बोअरची चालू पातळी सध्या किती असते?

---

बांधावरचा

मोटार चालू असताना २१० ते २३०च्या मधे खेळते. पण हे मी लिहिलं नव्हतं, तुम्हाला कसं कळलं?

---

धातूवेडा

पाइपानंच सांगितलं. गंजाला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि प्राणवायू. लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं आणि ते इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेला प्राणवायू उचलतो. खोल बुडालेल्या पाइपाला प्राणवायू बेताचा, वरच्या कोरड्याला पाणी नाही. पातळी जिथं रोज वरखाली होते तिथं दोन्ही मुबलक. पाइप रोज भिजतो, रोज वाळतो, आणि तुमच्या बोअरात नेमका तिथंच एक सॉकेट आला. पान्हा_१३ यांनी सांगितलेली पावणेदोन मिमीची भिंत आणि हा पट्टा, दोघांनी मिळून काम केलं.

जीआयवरचं जस्त म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा थर. ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं म्हणून लोखंड वाचतं. पण बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असलं की पाणी विजेला चांगली वाट देतं आणि जस्त भराभर संपतं. आपल्याकडं विहिरीपेक्षा बोअर खारा, आणि बोअर जितका खोल तितका बहुधा जास्त खारा, हे कुणाला सांगायला नको.

आता खर्चाचं. गंजाचा खर्च मोजायचा उद्योग जगात बऱ्याच वेळा झालाय. २०१६च्या एका जागतिक अभ्यासात २०१३ या वर्षासाठी आकडा निघाला २.५ लाख कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ३.४ टक्के. त्याच अभ्यासाचं म्हणणं असं की आधीच माहीत असलेले उपाय नीट वापरले तरी यातले १५ ते ३५ टक्के वाचतील. नवा शोध लागायची गरज नाही.

पाण्यापुरतं बघायचं तर अमेरिकेचा २००२ सालचा अहवाल जास्त कामाचा. त्यात थेट खर्च वर्षाला २७६ अब्ज डॉलर धरलाय, आणि पिण्याचं पाणी नि सांडपाणी या दोन व्यवस्थांचा वाटा ३६ अब्ज. त्याच गटात वीज होती ६.९ अब्ज आणि गॅसवाटप ५ अब्ज. म्हणजे या तिघांत पाण्याच्या नळ्या तीन चतुर्थांश खातात. गॅस गळला की भडका उडतो, म्हणून सगळे धावतात. पाणी गळलं तर काय होतं? गवत उगवतं.

---

उगाच_शंका

अमेरिकेचे आकडे अमेरिकेत ठेवा. आणि दुसरं असं की मोटार काढणाऱ्याला १४,००० मिळाले, दुकानदाराचा पंप खपला, टँकरवाल्याची फेरी झाली. पैसा गावातच फिरला ना? नुकसान कुणाचं?

---

जमाखर्च (जालना)

या शंकेचं उत्तर मी देतो, माझं पोट यावरच चालतं.

पैसा फिरला, बरोबर. पण त्या पैशातून नवीन काय आलं? बुधवारच्या आधी एक चालू मोटार होती. चव्वेचाळीस हजार चारशे गेल्यावरही एक चालू मोटारच आहे, आणि पाइप अजून घ्यायचेच आहेत. तेच पैसे मोसंबीच्या ठिबकला लागले असते तरी दुकानदार नि मजूर दोघांनाही मिळाले असते, वर ठिबक राहिलं असतं. पडकं घर पुन्हा बांधलं याला कुणी गावचा विकास म्हणत नाही.

आणि बांधावरचा यांचा सगळ्यात मोठा आकडा त्यांनी लिहिलाच नाहीये. मोसंबीला फळं धरायच्या दिवसांत सहा दिवस ताण बसला. किती फळ गळेल ते एप्रिलमध्ये कळेल, आणि तेव्हा ते ‘गळ झाली’ म्हणून लिहिलं जाईल.

जाता जाता: आमच्या जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळून सळया होतात. तुमचा पाइप भंगारात गेला की बहुतेक इकडेच येईल. त्यामुळं गंजात आमच्या गावाचा फायदा आहे असं उगाच_शंका म्हणू शकतात. :)

---

रांजण

घरातला हिशेब कुणीच लिहिला नाही, म्हणून मी लिहिते. मी शहरात राहते, नळाला आठवड्यानं पाणी येतं. शहर सांगत नाही, मराठवाड्यात अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही.

नळ सोडल्यावर पहिली दहा मिनिटं जे येतं त्याला पाणी म्हणवत नाही. चहासारखा रंग. ते बादल्यांत धरून संडासात टाकायला ठेवते. म्हणजे विकत घेतलेल्या पाण्यातल्या सात-आठ बादल्या प्रत्येक वेळी अशाच. फिल्टरची बाहेरची दोऱ्याची कांडी सहा महिने चालायला हवी, ती दोन महिन्यांत विटकरी होते. गिझर चार वर्षांत टाकीला भोक पडून गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, “ताई, खारं पाणी.” मुलाच्या शाळेचे पांढरे शर्ट कॉलरपाशी पिवळे, ते दरवर्षी नवीन.

एक चूक सांगते, दुसऱ्या कुणी करू नये म्हणून. ते डाग काढायला मी ब्लीच वापरलं. डाग गेले नाहीत, पक्के झाले. नंतर सासूबाईंनी लिंबू-मीठ चोळून उन्हात वाळत घातलं, त्यानं गेले. चाळीस वर्षांचा अनुभव घरात असताना मी बाटली विकत आणली.

धातूवेडा, एक विचारायचंय. आमचं पाणी जड आहे, सगळीकडं पांढरा खार बसतो. मग तो थर पाइपाला आतून झाकत का नाही?

---

धातूवेडा

अगदी नेमका प्रश्न. झाकतो, पण स्वतःच्या मर्जीनं. पाणी खार सोडणार की खार विरघळवणार, हे सामू (पीएच), कॅल्शियम, क्षारता, तापमान यांवर ठरतं. त्याचा हिशेब लँगेलियर नावाच्या अमेरिकी प्राध्यापकानं १९३६ साली मांडला, आणि आजही तोच वापरतात. थर अंगभर आणि घट्ट बसला तर लोखंड वाचतं. पण तो तुकड्यातुकड्यांनी बसला तर थराखाली प्राणवायू कमी, थराबाहेर जास्त, आणि या फरकामुळंच थराखाली खड्डा पडत जातो. शिवाय तुमची नळी सहा दिवस रिकामी, सातव्या दिवशी भरलेली. ओली नळी हवेत ठेवणं म्हणजे बांधावरचा यांचा तो भिजण्या-वाळण्याचा पट्टा गावभर पसरवणं. सातव्या दिवशी पाण्याचा लोंढा आला की आतला सुटा गंज वाहून येतो. तुमच्या सात-आठ बादल्या त्या.

गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. तिचं काम एवढंच, टाकीच्या आधी स्वतः झिजणं. कल्पना दोनशे वर्षांची आहे. हंफ्री डेव्हीनं १८२४ साली ब्रिटिश जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून हेच केलं होतं. जड, खाऱ्या पाण्यात कांडी दीड-दोन वर्षांत संपते, मग टाकीचा नंबर. कांडी काही शे रुपयांत येते, टाकी काही हजारांत. तुमच्या दुरुस्तीवाल्यानं चार वर्षांत एकदा तरी कांडी बदलली होती का?

---

रांजण

कांडी असते हेच आज कळलं.

---

पान्हा_१३

बहुतेक गिऱ्हाइकांना आम्ही सांगतो, ते म्हणतात चालतंय ना, मग कशाला खोलता. गिझर खोलायचे ३०० मागितले की लुटारू ठरतो.

गरम पाण्याच्या लाइनला जीआय लावू नका हेही सांगतो. तिथं का जास्त गंजतं ते मात्र मला माहीत नाही, अनुभव आहे.

---

धातूवेडा

तुमचा अनुभव बरोबर आहे. साधारण ६० अंशांच्या वर काही पाण्यांत जस्ताची भूमिकाच उलटते. जे लोखंडाला वाचवायला झिजत होतं ते आरामात बसतं आणि त्याच्यासाठी लोखंड झिजायला लागतं.

---

मोजमाप_वही

दोन दिवस वाचतोय, आता लिहितो. पाणीपुरवठ्यात ३१ वर्षं काढून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. गावांची नावं घेणार नाही.

एका नगरपालिकेत जुनी सहा इंची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, उद्धरण नलिका (पंपानं पाणी वर चढवणारी नळी) फुटली, तुकडा कापून काढला. सहा इंची नळीत माझा हात कोपरापर्यंत जायला हवा. मूठ अडकली. आतून गंजाच्या गुठळ्या, कवठासारख्या, वरून टणक आणि आतून काळ्या चिखलाच्या. फोडली की सडका वास. मी तो तुकडा कचेरीत टेबलावर ठेवला होता. साहेब म्हणाले, हे काय घाण आणून ठेवलंय.

त्या घाणीचा हिशेब असा. त्याच प्रवाहासाठी नळीतलं घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या उलट्या प्रमाणात बदलतं. सहा इंचाची वाट साडेचार इंच झाली की तेवढंच पाणी ढकलायला घर्षणाचा भाग चौपट. पंप काही चौपट जोर लावत नाही, तो कमी पाणी देतो. मग जलकुंभ भरायला सहा तासांऐवजी नऊ तास. नगरपालिका म्हणते पंप जुना झाला, नवा मोठा पंप घ्या. नवा पंप येतो, दाब वाढतो, आणि गंजून पातळ झालेली नळी दुसऱ्या जागी फुटते. माझ्या डोळ्यांदेखत हे चक्र दोनदा फिरलं. दोन्ही वेळा खर्च ‘पंपिंग मशिनरी’ या सदरात पडला. वाढलेलं बिल ‘वीज’ या सदरात. दादांच्या वहीत किरकोळ, आमच्या वहीत वीज, एवढाच फरक.

मातीचं कुणी बोललं नाही. आपली काळी माती गंजाला अतिशय पोषक. ओलावा धरते, हवा जाऊ देत नाही, क्षार साठवते, वीज सहज वाहू देते. त्यात सगळ्यात वाईट जागा म्हणजे जिथं नळी मुरमातून काळ्या रानात शिरते. मुरमात हवा खेळती, काळीत कोंडलेली. नळी एकच, पण तिचा मुरमातला भाग शाबूत राहतो आणि काळीतला भाग झिजतो, तोही सीमेलगत जास्त. आमच्याकडचा जुना फिटर नकाशा बघत नसे. पीक बघायचा. जमीन जिथं बदलते तिथं खोदा म्हणायचा, आणि दहातल्या सात वेळा गळती तिथंच.

उपाय काही गुपित नाही. चरात खाली-वर मुरूम भरायचा, नळीला बाहेरून चांगला लेप, आतून सिमेंटचं अस्तर. डक्टाइल (चिवट बिडाच्या) नळीला हे कारखान्यातूनच येतं, वर जस्ताचा थरही. पण चरातल्या मुरमाचं बिल निघतं आणि मुरूम पडत नाही, असं मी पाहिलंय. जास्त बोलत नाही.

उगाच_शंका यांच्या प्लास्टिकबद्दल: लहान व्यासाला जरूर. जलजीवनमध्ये गावोगाव एचडीपीई (प्लास्टिकची नळी) पडलंय आणि ते चांगलं झालं. पण व्हॉल्व्ह, बोल्ट, पंप, जलकुंभातली सळई, हे धातूचंच राहतं. आणि संभाजीनगरच्या नव्या योजनेसारखी पैठणहून २५०० मिमी व्यासाची नळी आणायची तर पोलादच येतं. ती योजना १६८० कोटींची होती, २७४० कोटींवर गेली. एवढं पोलाद किती वर्षं टिकणार हे जाडीपेक्षा त्याच्या अंगावरच्या लेपावर ठरतं. लेप करणाऱ्या पोराला कुणी पाणी विचारत नाही.

---

उगाच_शंका

मुरमाचं बिल आवडलं. :) बरं, मान्य, प्लास्टिकनं सगळं सुटत नाही. पण गळती तर सगळीकडं असतेच की.

---

मोजमाप_वही

असते. केंद्राच्या नागरी सेवा मापदंडात महसूल न देणारं पाणी (गळती-चोरीत जाणारं, ज्याचे पैसे येत नाहीत ते) २० टक्क्यांच्या आत ठेवा असं म्हटलंय. म्हणजे शून्य कुणी मागत नाही. माझ्या नोकरीत मी २०च्या आत एकही गाव पाहिलं नाही.

---

तूरडाळ (लातूर)

लातूरकराला गळतीवर बोलायला लावू नका, पण आता लावलंच आहे.

१२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पहिली जलदूत (पाण्याची रेल्वे) आली तेव्हा मी स्टेशनवर होतो. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक इंजिनाला हार घालत होते, आणि माझ्या शेजारचा म्हातारा रडत होता. देशभर बातमी झाली.

काल रात्री मोजमाप_वही यांचं वाचून मी हिशेब करत बसलो. उद्धरण नलिकेला गंजून तुरीच्या दाण्याएवढं, म्हणजे ५ मिमीचं भोक पडलं. आत दाब ३ किलो, म्हणजे तीस मीटर. दिवसाला वीस तास पंप चालू. भोकातून तासाला हजार लिटरच्या थोडं वर पाणी जातं, दिवसाला वीस हजार. दहा हजारांचे दोन टँकर. आता अशी पंचवीस भोकं धरा. किती झालं?

पाच लाख लिटर. रोज.

चूक असेल तर साहेबांनी दुरुस्त करावं.

---

मोजमाप_वही

सूत्र बरोबर आहे. भोकाचा गुणांक तुम्ही ०.६ धरलेला दिसतो, तोच धरतात. आणि पंचवीस भोकं हा आकडा मोठा नाही, मी एका किलोमीटरमध्ये अकरा पॅच मारलेत.

---

जमाखर्च

हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. रेल्वेनं आणलेल्या पाण्याला हार, जमिनीत गेलेल्याला काहीच नाही.

---

रांजण

थोडं विषयांतर. आमच्याकडं पाहुणे आले की पाणचक्की दाखवायला नेतो. मलिक अंबरनं सतराव्या शतकात शहराला नहरींनी पाणी आणलं, त्यात मातीच्या भाजलेल्या नळ्या आणि दगड-चुना. लोखंड नाही. परवा गाइड सांगत होता तेव्हा मी पहिल्यांदा नीट ऐकलं. माती काही गंजत नाही. अर्थात दाब फार सोसत नाही, तिसऱ्या मजल्यावर गिझरही चालणार नाही, हेही खरं.

---

धातूवेडा

विषयांतर नाहीच. आणि उलट टोकाचं उदाहरण सांगून मी थांबतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरानं पैसे वाचवायला एप्रिल २०१४मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि नळ्यांना आतून जपणारं फॉस्फेटचं औषध घातलंच नाही. ऑक्टोबरमध्ये तिथल्या मोटारींच्या इंजिन कारखान्यानं ते पाणी घेणं बंद केलं, कारण सुटे भाग गंजत होते. माणसं मात्र तेच पाणी आणखी वर्षभर पीत होती. जुन्या नळ्यांमधलं शिसं मुलांच्या रक्तात गेलं. पुढं नुकसानभरपाईचा समझोता ६० कोटी डॉलरच्या वर गेला. लोखंडाची किंमत कळली आणि पोरांची कळायला वर्ष गेलं.

बांधावरचा, काढलेले पाइप अजून आहेत का? भंगारात द्यायच्या आधी वजन करा. सगळ्यात वरच्या, बाहेरून कधीच न भिजलेल्या पाइपाची जाडी मोजा. कॅलिपर कुठल्याही लेथवाल्याकडं मिळेल.

---

बांधावरचा

चार दिवसांनी येतोय, माफ करा. मोसंबीला पाणी चालू झालं. कॉलमला यूपीव्हीसीच (प्लास्टिकचेच) टाकले, दहा-दहा फुटांचे ३८ नग, आणि या वेळी दोरी बांधली. दादांनी स्वतः दोन गाठी मारल्या.

आता पाइपांचं. धातूवेडा यांनी सांगितलं तसं काट्यावर नेले. १९ पाइप मिळून २६२ किलो, त्यात गंजाची पापुद्री आलीच. सव्वा इंची मिडीयम वीस फुटी पाइप नवा असताना अंदाजे १८.९ किलो भरतो, म्हणजे १९चे ३५९. बाकी काढली तर ९७ किलो. मी दादांना म्हणालो, नऊ वर्षांत गंजानं एक क्विंटल लोखंड खाल्लं. दादा पहिल्यांदा चमकले.

मग लेथवाल्याकडं गेलो. सगळ्यात वरचा पाइप, जो टोपीच्या आत बाहेरून कोरडा होता, जस्त अजून चकाकतंय. कापून मोजला. चारी बाजूंनी २.६. परत मोजला. २.६.

---

पान्हा_१३

अरे देवा. २.६ म्हणजे लाइट, मिडीयमपेक्षा पातळ. लाइटला पिवळी पट्टी, मिडीयमला निळी. तुमच्या पाइपाला पट्टी कुठली होती?

---

बांधावरचा

निळी. फिकट झालीय पण निळीच.

---

मोजमाप_वही

मिडीयममध्ये जाडीला दहा टक्के सूट असते, तरी २.८८च्या खाली नाही. तुम्हाला पिवळ्या पट्टीचा माल निळा रंग मारून दिला. २.६मधून आट्याचे दीड गेले की १.१ उरतं. नऊ वर्षं टिकला हेच नवल.

लाइटचं वजन काढा.

---

बांधावरचा

काढलं. लाइट वीस फुटी साधारण १५.६ किलो. १९चे २९६. त्यातून २६२ वजा, बाकी ३४.

म्हणजे ९७ किलोपैकी ३४ गंजानं खाल्ले. ६३ किलो बोअरात कधी उतरलेच नव्हते.

---

जमाखर्च

हे कुठल्या खात्यात टाकायचं, मलाही सांगता येत नाही.

---

उगाच_शंका

दुकानात गेलात का?

---

बांधावरचा

आज गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण सिद्ध काय करणार, नऊ वर्षं झाली, आणि ते बसणारे आता नाहीत, मुलगा बसतो. भांडलो नाही. म्हणालो, सव्वा इंची जीआय दाखव. त्यानं दाखवला, निळी पट्टी, भाव नगावर. दुकानाच्या दारात सळईचा मोठा काटा आहे, एक गिऱ्हाईक दहा एमएमच्या सळया तोलून घेत होतं, किलोला अर्ध्या रुपयावरून घासाघीस चालली होती.

मी म्हणालो, हा पाइप पण जरा काट्यावर ठेव.

तो बघतच राहिला. म्हणाला, “काका, पाइप कुणी तोलून घेतं का?”

ठेवला. १५ किलो ७००.